रात्रभर चालला म्हणजे स्थिर?

आमच्या घरी दोन गेमिंग कॉम्प्युटर आहेत, दोन्ही नातवांचे. थोरल्याचा मूळ वेगाने चालतो, धाकट्याचा ओव्हरक्लॉक केलेला. धाकटा म्हणाला, "आजोबा, रात्रभर प्राइम९५ चालवलं, म्हणजे स्थिर आहे." आम्ही म्हटलं, अरे, जानेवारीतल्या एका रात्री चालला एवढंच कळलं! चाचणीत चूक सापडू शकते. चूक नाहीच, हे सिद्ध होत नाही. पॉपर वाचणाऱ्यांना हे नवं नाही. नागपूरचा मे यायचाय. खोली १५ अंशांनी तापली, की प्रोसेसरही साधारण तेवढाच तापणार. पंखा त्याला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही.

आता गणित बघा. उष्णता साधारणपणे वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. नुसता वेग ५ टक्के वाढवला तर उष्णता ५ टक्के. सोबत व्होल्टेजही १० टक्के वाढवलं, तर एकूण २७ टक्के! म्हणून वेग थोडाथोडा वाढवायचा, व्होल्टेजला शक्यतो हात लावायचा नाही.

कॉम्प्युटर बंद पडला तर बरं, निदान कळतं तरी. मेमरी चुकली तर तो चालूच राहतो आणि फाइल गुपचूप बिघडते. धाकट्याचा कॉलेजचा प्रोजेक्ट असाच गेला. आता मेमरी मूळ वेगावर आहे. गेममध्ये फ्रेम कमी झाल्या म्हणतो; आम्हाला काही फरक दिसत नाही.