साडेतीन गुंठ्यांचा हिशेब

निकालाच्या दिवशी सगळ्यात आधी काय बंद होतं माहितीये? मोबाइलचा डेटा. मित्रांचे स्टेटस बघायची हिंमत नसते आणि "किती पडले?" या मेसेजला उत्तर द्यायची तर त्याहून नसते. हे ज्यांनी अनुभवलंय त्यांच्यासाठी हे पान आहे. ज्यांचे पेढे वाटून झालेत त्यांनी सरळ शब्दकोड्याकडे वळलं तरी राग नाही.

माझं प्रकरण निकालाचं नव्हतं. टीवायबीकॉम झाले, मार्क बरे होते, मुलाखत झाली, ऑफर लेटर हातात आलं. 1 जानेवारीला जॉइनिंग. आईने दोन कॉटनचे ड्रेस शिवून घेतले, बाबांनी नाक्यावरच्या चहावाल्यापर्यंत बातमी पोचवली. डिसेंबरच्या शेवटच्या शनिवारी फोन आला. पलीकडची बाई फार गोड आवाजात म्हणाली, "सध्या ती पोझिशन होल्डवर आहे." होल्ड म्हणजे काय, किती दिवस, कुणामुळे, काही नाही. फोन ठेवल्यावर मी तो नंबर नावासकट सेव्ह केला. का केला, आजही कळत नाही.

मी जासईची. पनवेलहून उरणकडे निघालात की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंटेनर दिसायला लागतात, एकावर एक, लाल, निळे, गंजलेले. ट्रेलरच्या रांगेत तुमची रिक्षा अडकली की समजायचं, जासई आली. लोकांना वाटतं, एवढं मोठं बंदर शेजारी, इथल्या पोरांना नोकऱ्यांना काय तोटा! आमच्या घरातच याचं उत्तर आहे. बाबा एका सीएफएसमध्ये होते. सीएफएस म्हणजे जहाजातून उतरलेला कंटेनर जिथे ठेवतात, उघडतात, माल तपासतात ती जागा. 2016-17 च्या सुमारास जेएनपीटीमध्ये डीपीडी पद्धत वाढली. आयातदाराचा माल बंदरातूनच थेट त्याच्याकडे जायला लागला, मधला मुक्काम कमी झाला. व्यापाराच्या दृष्टीने उत्तम. वेळ वाचला, खर्च वाचला. पण त्या मधल्या मुक्कामावर ज्यांची चूल होती त्यांच्या पाळ्या घटल्या. बाबांची घटली. म्हणून तर माझ्या ऑफर लेटरचं एवढं कौतुक.

तर मी पंधरा दिवस झोपून होते. अक्षरशः. दुपारी उठायचं, जेवायचं, पुन्हा पांघरूण. कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला, अपयश म्हणजे यशाची पायरी वगैरे. तुम्हालाही येतील असे. माझं मत सांगू? पडलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात पायरी दाखवू नये. त्याला आधी पडल्याचं दुःख करू द्यावं.

16 जानेवारीला सकाळी आजोबांनी उठवलं. आम्ही त्यांना आजा म्हणतो. "चल बाय, माझ्याबरोबर चल." दरवर्षी या दिवशी गावात हुतात्म्यांना अभिवादन होतं. लहानपणी शाळेतर्फे जायचो तेव्हा उन्हात उभं राहायचा कंटाळा यायचा. त्या दिवशी नाइलाजाने गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. मुंबईच्या पलीकडे नवं शहर वसवायचं ठरलं, त्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या 95 गावांच्या जमिनी घ्यायच्या होत्या. भातशेती, मिठागरं, खाडी. आगरी-कोळ्यांचं सगळं यावरच. मोबदला तुटपुंजा आणि जमीन गेल्यावर पुढे करायचं काय, याचं उत्तर कुणाकडे नाही. जासईतच जन्मलेले वकील दि. बा. पाटील या शेतकऱ्यांचे नेते. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत आधी जासईला आणि मग नवघरला पोलिसांचा गोळीबार झाला. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, कमळाकर तांडेल, महादेव पाटील आणि केशव पाटील, पाच जण गेले. आजा त्या गर्दीत होते. तेव्हा ते जेमतेम तिशीचे.

परत येताना मी विचारलं, "आजा, दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत?" मला वाटलं होतं, शपथ घेतली, घोषणा दिल्या, असलं काही ऐकायला मिळेल.

"मंग काय, घरान तांदूल किती हान त्या बघला."

बस. एवढंच. जमीन जाणार हे दिसत होतं, ओळखीची माणसं मेली होती आणि हा माणूस घरी येऊन कणगीत हात घालून तांदूळ किती उरलाय ते बघत होता. पाऊस सुरू होईपर्यंत पुरेल का, नाही पुरला तर कुणाकडे काम मागायचं. मग मिठागरावर गेले, मग एका गोडाऊनवर रात्रपाळीचे वॉचमन झाले. दिवसा मोर्चे, सुनावण्या, बैठका. गेलेल्याचं रडणं आणि उरलेल्याची मोजदाद त्यांनी एकाच वेळी चालवली. आधी सावरू, मग बघू, असं म्हणायला वेळच नव्हता.

आता त्या लढ्यातून काय मिळालं, ते नीट आकड्यांत सांगते, कारण इथेच आपण घाईने गोड शेवट करून टाकतो. लढा देऊन जमीन परत मिळाली नाही. मिळाला तो वेगळाच हक्क. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के एवढा विकसित भूखंड शेतकऱ्याला परत द्यायचा. शासनाचा निर्णय 1990 चा, 1994 मध्ये त्यात सुधारणा झाली. म्हणजे गोळीबारापासून कागदापर्यंत सहा वर्षं आणि कागदापासून प्रत्यक्ष भूखंडापर्यंत कितीतरी घरांना आणखी कितीतरी वर्षं. गणित करा. एक एकर म्हणजे 40 गुंठे. त्याचे साडेबारा टक्के, पाच गुंठे. त्यातूनही सार्वजनिक सोयींसाठी कपात होऊन हातात येतात पावणेनऊ टक्के, म्हणजे साडेतीन गुंठे. 40 गेले, साडेतीन आले. पण ते साडेतीन शेताचे नव्हते, शहराचे होते. त्यावर इमारत उभी राहू शकत होती, दुकान काढता येत होतं.

आणि पुढचंही ऐका. बंदरासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनीही साडेबारा टक्के मागितले. विमानतळासाठी जमिनी घ्यायची वेळ आली तेव्हा साडेबावीस टक्क्यांचं पॅकेज ठरलं. 1984 मध्ये जे कुणाच्या डोक्यातही नव्हतं ते पुढच्या माणसांच्या वाटाघाटीत पहिल्या ओळीला आलं. पण ते पाच जण हे बघायला नव्हते. त्यामुळे "जे होतं ते भल्यासाठी" हे वाक्य कुणी म्हणालं की मी तरी तिथून उठते.

सगळ्यांनी त्या भूखंडांचं सोनं केलं असंही नाही. आमच्याकडे वाटण्या झाल्या, एका काकांनी हिस्सा विकला, गाडी घेतली, हळदीला डीजे लावला, दोन वर्षांत सगळं साफ. दुसऱ्यांनी खाली दोन गाळे काढले, त्यांच्या भाड्यावर तीन मुलं शिकली. संधी एकच होती. मी काकांना दोष देत नाही. आयुष्यभर चिखलात राबलेल्या माणसाच्या हातात एकदम एवढे पैसे येतात, तेव्हा त्यांचं काय करायचं हे शिकवणारं कुणी नव्हतं.

दि. बां.चंही बघा. 1977 मध्ये ते कुलाब्यातून लोकसभेवर निवडून गेले. 1980 मध्ये ही जागा काँग्रेसकडे गेली. त्याच वर्षी ते पनवेलमधून विधानसभेत होते, पुढे विरोधी पक्षनेतेही झाले. जानेवारी 1984 मध्ये गोळीबार आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात, इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना, शेकापच्या या माणसाने कुलाब्याची जागा परत जिंकली. 1989 मध्ये ती बॅरिस्टर अंतुल्यांकडे गेली. एकच मतदारसंघ, कधी हातात, कधी नाही. पण साडेबारा टक्क्यांची मागणी खासदारकीला टांगलेली नव्हती, म्हणून ती खासदारकीबरोबर बुडाली नाही. मला हे फार उशिरा लक्षात आलं. मी माझं सगळं एका ऑफर लेटरला टांगलं होतं.

घरी येऊन मी वहीच्या शेवटच्या पानावर माझे तांदूळ मोजले. हसू नका. बीकॉमची पदवी. एक्सेल बऱ्यापैकी. हिंदी, मराठी, कामापुरतं इंग्रजी. लहानपणापासून कानावर पडलेले शब्द: शिपिंग बिल, डिलिव्हरी ऑर्डर, सील, ग्राउंड रेंट. हे शब्द पनवेलच्या वर्गातल्या माझ्या मैत्रिणींना परके होते, मला बाबांच्या जेवणाच्या गप्पांमुळे पाठ होते. ही गोष्ट बायोडेटात लिहायची असते हेच मला माहीत नव्हतं. शिवाय एक स्कूटी, पेट्रोल मात्र बाबांच्या पैशाचं.

त्या पानाच्या जोरावर फेब्रुवारीत एका छोट्या कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात लागले. चार टेबलं, एक पंखा, पगार ऑफर लेटरमधल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडा जास्त. पहिले दोन महिने फक्त कागद लावायचे. मग आइसगेट पोर्टलवर बिल ऑफ एंट्री भरायला शिकले. एचएस कोडचा एक आकडा चुकला तर ड्युटी बदलते, माल अडकतो आणि पार्टीच्या शिव्या फोनवर मलाच. त्याच ऑफिसात कळलं की या धंद्यात एच कार्ड आणि जी कार्ड असतं, जी कार्डसाठी कस्टमची परीक्षा द्यावी लागते आणि ते मिळालं की बाजारात किंमत वाढते. तीन वर्षं कॉमर्स शिकून आणि आयुष्यभर बंदराशेजारी राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्या कंपनीत लागले असते तर कदाचित कधीच कळलं नसतं. कदाचित त्याहून चांगलं काही कळलं असतं, कुणास ठाऊक.

आता तुमच्याकडे येऊ. बारावीत विषय राहिला असेल तर पुरवणी परीक्षा त्याच वर्षी असते, वर्ष सोडून द्यायची घाई करू नका. मार्क अपेक्षेपेक्षा फारच कमी वाटले तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवा, मग पुनर्मूल्यांकनाचं ठरवा. मात्र मुदत फार थोडी असते. पांघरूण घेऊन पंधरा दिवस काढलेत, माझ्यासारखे, तर ती निघून जाते. प्रवेशाच्या फेऱ्यांचंही तसंच. रडत रडत फॉर्म भरा, पण भरा. पोलिस भरतीला दोनदा मैदान मारून लेखीत अडकलेली पोरं आमच्या नाक्यावर रोज दिसतात. त्यांना मी एवढंच विचारते की तिसऱ्या भरतीची तारीख लागेपर्यंत तुझ्या हातात दुसरं काय असणार आहे? सोडून दे असं नाही म्हणत. दि. बां.नी कुठे सोडलं होतं?

आमच्या गावातली शाळा रयत शिक्षण संस्थेची. 22 सप्टेंबरला कर्मवीर जयंतीला आम्ही भाषणं पाठ करायचो, पण भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिकही झाले नव्हते, कोल्हापूरच्या बोर्डिंगमधून त्यांना काढलं होतं, काही काळ ते किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडले, हे भाषणात एका ओळीत उरकायचं. 1919 मध्ये काल्याला त्यांनी संस्था सुरू केली. विक्रेता म्हणून फिरताना खेड्यापाड्यांतली शाळा नसलेली पोरं त्यांनी पाहिली होती. आज वाटतं, ती एक ओळच भाषणात जास्त वेळ घोळवायला हवी होती.

आणि एक गोष्ट गंभीरपणे. पंधरा दिवस झोपून राहणं वेगळं आणि जगण्यातलाच रस जाणं वेगळं. झोप, जेवण, बोलणं सगळं तुटायला लागलं, नको ते विचार येऊ लागले तर घरात सांगा, मित्राला सांगा. सांगवत नसेल तर 14416 हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. आजांच्या पिढीला एकत्र रडायला गाव होतं. आपण दार लावून एकटे रडतो.

ऑक्टोबर 2025 मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं आणि 25 डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. दि. बां.चं नाव द्यावं म्हणून 10 जून 2021 ला जी मानवी साखळी झाली, तिच्यात आजाही उभे होते, मास्क लावून. आता विमान डोक्यावरून गेलं की ते मान वर करून बघतात आणि काही बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

जी कार्डच्या परीक्षेला मी एकदा बसले आहे. नापास झाले. त्या संध्याकाळी आजा ओट्यावर बसले होते. "किती मार्क कमी परले?"

"सहा."

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, पुढची परीक्षा कधी ते विचारलं आणि आत जाऊन माझ्या वाटणीचा चहा कपात ओतून आणला. दुसऱ्यांदा फॉर्म भरलाय. रोज रात्री अकरापर्यंत कस्टम्स अॅक्ट वाचते, बाहेर ट्रेलरचे हॉर्न वाजत असतात.