पणाविना पट

फैजपूर म्हटलं की बाहेरच्या माणसाला १९३६ साल आठवतं. खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन, अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू, नंदलाल बोस यांनी बांबू-चटयांनी सजवलेलं टिळकनगर, धनाजी नाना चौधरींनी उपसलेले कष्ट. हा इतिहास पुस्तकांत आला आहे. पुस्तकांत न आलेली एक गोष्ट मला मांडायची आहे. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत या गावातली माणसं कोणते बैठे खेळ खेळली, कुणाबरोबर खेळली, आणि सोबतीला कुणी नसलं तर काय खेळली.

सुरुवात उन्हापासून करावी लागेल. आमच्या जळगाव जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळिशी ओलांडतो. केळीच्या बागेतली कामं पहाटे उरकायची आणि अकरा वाजता दारं लोटून घ्यायची, की संध्याकाळपर्यंत गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. धाब्याच्या घरात मधल्या खोलीत तेवढा गारवा. खान्देशात बैठे खेळ टिकले ते या बंद दारांआडच्या दुपारींमुळे, असं माझं ठाम मत आहे. कोकणात पाऊस जे करतो ते इथे ऊन करतं.

त्या दुपारींचा मुख्य खेळ म्हणजे पाच बाय पाच घरांचा पट. कुणी त्याला चल्लस आठ म्हणतं, कुणी अष्टचंग. सारवलेल्या जमिनीवर खडूने पंचवीस घरं आखायची, चारही बाजूंच्या मधल्या घरांत आणि अगदी मधोमध फुल्ली मारायची. कवड्या सगळ्यांकडे नसत, चिंचोके मात्र घरोघर. चिंचोका पाट्यावर एका बाजूने घासला की आतला पांढरा गर दिसतो, दुसरी बाजू काळीभोर राहते. असे चार चिंचोके मुठीत खुळखुळवून टाकायचे. जितके पांढरे वर येतील तितकी घरं. चारही पांढरे आले तर चार, चारही काळे आले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा टाकायची संधी. सोंगट्या म्हणजे हाताला लागेल ते. एकीचे फुटक्या बांगडीचे तुकडे, दुसरीच्या तुरीच्या शेंगा, तिसरीचे खडे, चौथीच्या खराट्याच्या काड्या.

बाहेरची सोळा घरं एका दिशेने फिरायची, मग आतली आठ उलट दिशेने, आणि शेवटी मधलं घर. पण एक अट होती, आणि या खेळाचा सगळा जीव तिच्यात आहे. दुसऱ्याची निदान एक सोंगटी मारल्याशिवाय आतल्या फेरीत जाता येत नाही. जपून, सगळ्यांना टाळून, सुरक्षित फुल्लीवरून फुल्लीवर पळणारी बाहेरच गरागरा फिरत राहते. जिंकायचं तर कधीतरी कुणाला तरी भिडावंच लागतं, आणि भिडायला गेलं की आपली सोंगटीही वाटेवर उघडी पडते. नशीब आणि हिंमत यांचा इतका नेटका हिशेब मी नंतर पाहिलेल्या महागड्या खेळांतही क्वचितच पाहिला.

आमच्या शेजारच्या एक आजी हा पट एकट्याने खेळायच्या. मुलं सुरतेला, आजोबा गेलेले. चारही बाजूंच्या सोंगट्या स्वतःच मांडायच्या, प्रत्येक बाजूसाठी चिंचोके टाकायच्या, आणि चाल करण्याआधी त्या बाजूला सरकून बसायच्या. बांगडीच्या तुकड्यांची बाजू त्यांची आवडती असावी, पण काड्यांना मारायची संधी आली तर काड्यांनी बांगडीला मारलंच पाहिजे. कुणाला झुकतं माप नाही. मनात आणलं असतं तर त्यांना रोज जिंकता आलं असतं. एकट्याने खेळणं म्हणजे वेळ घालवणं, असं म्हणणाऱ्यांना मला त्या आजी दाखवायच्या आहेत. नियम पाळला जातोय की नाही हे बघायला कुणी नसताना नियम पाळण्यातही आनंद असतो, आणि त्या तो रोज दुपारी घ्यायच्या.

बायकांच्या आणि मुलांच्या या पटावर पैसा कधीच नव्हता. पुरुषांच्या बैठकीत होता. आखाजी हा आमचा मोठा सण. लेकी माहेरी यायच्या, लिंबाच्या झाडाला झोके बांधले जायचे, गौराईची गाणी व्हायची, आणि त्याच दिवशी गावातले पुरुष पैसे लावून पत्ते खेळायचे. एरवी जुगाराला नाक मुरडणारी घरंही त्या दिवशी काणाडोळा करायची. सणापुरता खेळ सणाबरोबर संपला तर ठीक, पण काही जणांचा तो पुढे वर्षभर चालायचा आणि मग शेताच्या तुकड्यापर्यंत जायचा. त्यामुळे आमच्या वडीलधाऱ्यांना फासा दिसला तरी धडकी भरायची. १९८८ ते ९० या काळात दर रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘महाभारत’ लागायचं. द्यूताचा प्रसंग येऊन गेल्यावर कितीतरी घरांत सारीपाट गुंडाळून माळ्यावर गेला. बिचाऱ्या सारीपाटाचा काय दोष? चार पट्ट्या, प्रत्येकीत चोवीस घरं, चार रंगांच्या सोळा सोंगट्या, एवढंच ते कापड.

ही भीती आजकालची नाही. लीळाचरित्रात चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची हकिगत आहे. हरिपाळदेव, म्हणजे तेव्हाचे चक्रधर, द्यूतात हरतात, देणं फेडायला पत्नी कमळाइसेकडे दागिने मागतात, ती नाही म्हणते, आणि तिथून त्यांचं मन संसारातून उठतं. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरले आहेत. एकाहून अधिक लेण्यांत हे शिल्प आहे. तिथेही पण आहेच, पणाला लागलेला नंदी खाली गणांच्या गराड्यात उभा आहे. दुसरीकडे धर्मानेच खेळाला मुभा दिलेली. कोजागरीच्या रात्री अक्षक्रीडा करत जागावं, बलिप्रतिपदेला द्यूत खेळावं, असं व्रतांच्या पोथ्यांत सांगितलं आहे. आपल्याकडे पटाची ओढ आणि पणाची भीती अशी शतकानुशतकं शेजारी शेजारी राहत आली आहे.

पणाला बाजूला सारण्याचा सर्वांत सुंदर प्रयत्न मोक्षपटाचा. परंपरा तो ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगते. दोघे मोठे भाऊ भिक्षेला गेले की धाकट्या सोपान-मुक्ताईला घरात काहीतरी हवं, म्हणून तो पट केला, अशी कथा आहे. याला लेखी पुरावा नाही आणि आज हाती असलेले पट ज्ञानेश्वरांच्या कितीतरी नंतरचे आहेत. पण तापीकाठच्या आम्हा लोकांना ती कथा सोडवत नाही, कारण मुक्ताई शेवटी गुप्त झाली ती आमच्याच जिल्ह्यात, मेहुणला. मोक्षपटात जन्मापासून मोक्षापर्यंत घरं, सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप. जिंकलं तर हाती येतो मोक्ष, दुसऱ्याच्या खिशातलं काही नाही. इंग्लंडात १८९२ च्या सुमारास तो खेळ सापशिडी होऊन विकला गेला, सारीपाटाच्या कुळातल्या पचिसीतल्या कवड्या जाऊन घनाकार फासा आला आणि १८९६ मध्ये तिथे लूडोचं पेटंट घेतलं गेलं. मग हेच दोन्ही खेळ एकाच पुठ्ठ्याच्या दोन बाजूंना छापून आमच्या यात्रेतल्या दुकानांत परत आले.

नव्वदच्या दशकात गावावर राज्य केलं कॅरमने. गणेशोत्सवात मंडळाच्या मांडवात, टांगलेल्या दिव्याखाली, बोरिक पावडरच्या धुरळ्यात रात्री दोन-दोनपर्यंत सामने चालायचे. पुढे जळगावच्या जैन इरिगेशनने कॅरम आणि बुद्धिबळाच्या खेळाडूंना पाठबळ दिलं, तेव्हा घरोघर पटलं की या खेळांवर पोटही भरू शकतं. बुद्धिबळाबद्दल मी लांबण लावत नाही. सांगलीच्या भाऊसाहेब पडसलगीकरांपासून मुंबईच्या खाडिलकर भगिनींपर्यंत मराठी बुद्धिबळावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, आणि २०२५ च्या जुलैत नागपूरच्या एकोणीस वर्षांच्या दिव्या देशमुखने बाटुमीत महिला विश्वचषक जिंकला तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या मुलीही पट मांडून बसतात.

नव्वदच्या दशकातच घरात ‘व्यापार’ आला. मुंबई विकत घेणारा, दिल्लीवर भाडं वसूल करणारा, आणि बँक सांभाळणारा एक शिस्तीचा मुलगा. या खेळाचं मूळ अमेरिकेतल्या लिझी मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये पेटंट घेतलेल्या खेळात आहे. जमीनदाराच्या हाती सगळी जमीन गेली की बाकीच्यांचं काय होतं, ते लोकांना खेळून कळावं हा त्यांचा हेतू होता. आम्हाला हेतू ठाऊक नव्हता, पण परिणाम कळायचा. एकाकडे सगळी शहरं गेली की उरलेले तिघे रडकुंडीला यायचे. पैसा कागदाचा होता, डाव संपला की डब्यात जायचा, आणि जमीनदारासकट सगळे मिळून आंब्याचा रस प्यायचे.

एकट्याच्या खेळांत त्या वर्षांचा राजा ब्रेनव्हिटा. प्लॅस्टिकची गोल थाळी, तेहतीस खळगे, बत्तीस गोट्या, मधला खळगा रिकामा. एका गोटीने शेजारच्या गोटीवरून उडी मारायची, जिच्यावरून उडी मारली ती बाहेर. शेवटी एकच गोटी, तीही मधोमध उरली पाहिजे. फ्रान्समध्ये १६९७ सालच्या एका चित्रात हा खेळ दिसतो, म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही माणसं त्याच्यापुढे अशीच मान खाली घालून बसत होती. डाव पुरा करायला एकतीस उड्या लागतात. एकाच गोटीच्या सलग उड्या एक चाल धरल्या तर अठरा चालींत तो सुटतो, हे १९१२ मध्ये बर्गहोल्ट नावाच्या इंग्रजाने दाखवलं. दोन हजारच्या दशकात भारनियमनाने संध्याकाळच्या संध्याकाळ अंधारात जायच्या. तेव्हा मेणबत्तीजवळ थाळी ओढून मी हा खेळ खेळायचे. दोन गोट्या समोरासमोरच्या कडांना अडकून राहिल्या की चूक शेवटच्या उडीत नसते, ती फार आधी कधीतरी होऊन गेलेली असते. मागे मागे जाऊन ती शोधण्यात जी एकाग्रता लागते, ती मला दुसऱ्या कुठल्या गोष्टीने दिली नाही.

मग मोबाइल आला. नवी मुंबईच्या कंपनीने २०१६ मध्ये काढलेलं ‘लूडो किंग’ २०२० च्या टाळेबंदीत घरोघर पोचलं. पुण्यातली भाची, सुरतेतला भाऊ आणि फैजपुरातली आई एका पटावर बसली, हे त्या दिवसांत फार मोलाचं होतं. पण त्याच लूडोवर पैसे लावणारी ॲप निघाली आणि जुनी धडकी परत आली. आता तर शेताचा तुकडा कुणाला न कळता, अंगठ्याने जात होता. पैसे लावून खेळला जाणारा लूडो कौशल्याचा की नशिबाचा, यावर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मला त्याचं समाधान वाटलं. हा कायदा खेळाविरुद्ध आहे असं मला वाटत नाही, उलट त्याने पटाची इज्जत राखली.

गेल्या काही वर्षांत आणखी एक चांगली गोष्ट घडते आहे. गावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून शिकून पुण्या-मुंबईला गेलेली मुलं दिवाळीत येताना नव्या खेळांची खोकी आणतात. क्लाउस टॉयबर या जर्मन माणसाने १९९५ मध्ये काढलेला ‘कॅटान’ आमच्याकडे सर्वांत रमतो, कारण त्यात सौदा आहे. ‘दोन लोकर घे भाऊ, एक वीट दे’, ‘गहू काढ मग बघू’, असा घोळ सुरू झाला की केळीच्या भावावर आयुष्यभर घासाघीस केलेली वडीलमंडळीही खुर्ची पुढे ओढतात. ‘पँडेमिक’ हा २००८ चा खेळ मला त्याहून आवडतो. त्यात सगळे मिळून साथीशी लढतात, सगळे जिंकतात किंवा सगळे हरतात. तो एकट्यानेही खेळता येतो. पक्ष्यांचा ‘विंगस्पॅन’ही तसाच. एलिझाबेथ हारग्रेव्ह यांनी केलेल्या त्या खेळात एकशे सत्तर पक्ष्यांचे पत्ते आहेत आणि एकट्या खेळाडूसाठी वेगळे प्रतिस्पर्धी पत्तेही. रविवारी दुपारी दार लोटून मी तो मांडते. पक्षी निवडायचा, घरट्यात अंडी मोजायची, आणि समोरच्या पत्त्यांनी मात केली तर ती मान्य करायची.

ही खोकी महाग आहेत. गल्लीतल्या प्रत्येक घराला परवडणारी नाहीत. चिंचोक्यांचा पट मात्र कुणालाही परवडतो, आणि तोच विसरला जातो आहे. त्याचे नियम गल्लीगणिक बदलतात. कुठे तीन आठ लागोपाठ पडले की ते बाद, कुठे जोडीच्या सोंगट्यांना मारता येत नाही. हे नियम जिला तोंडपाठ आहेत ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. फैजपूर, सावदा, यावल, रावेरच्या वाचकांना माझी विनंती आहे. घरातल्या आजीसमोर खडू ठेवा, तिला पट आखायला सांगा, तिच्याबरोबर एक डाव खेळा आणि तिचे नियम तिच्या शब्दांत वहीत उतरवून घ्या. माळ्यावर सारीपाट असेल तर तो खाली काढा, ऊन दाखवा आणि अंथरा.