घरगुती चांदीच्या पाण्याचें यंत्र

चांदीविषयीं आपल्या घरांतून जी आस्था आहे ती आजकालची नव्हे. तान्ह्या मुलाचें उष्टावण चांदीच्या वाटींतून होतें, दूध चांदीच्या बोंडल्यानें पाजलें जातें, आणि मिठाईवरील वरख तर लहानथोरांच्या पोटांत जातोच. तेव्हां रोज चमचाभर ‘चांदीचें पाणी’ घ्यावें म्हणजे सर्दीपासून चिघळलेल्या जखमेपर्यंत सर्व कांहीं बरें होतें, असें कोणीं सांगितलें तर तें आपल्या कानांस परकें वाटत नाहीं. हें पाणी, म्हणजेच कोलायडल सिल्व्हर अथवा रौप्यकलिल, घरच्या घरीं करून देणारें विजेचें यंत्र विकत मिळतें. तें कोणतें घ्यावें व कसें वापरावें, अशी पृच्छा सुशिक्षित कुटुंबांतूनही होते. म्हणून त्याचा थोडा खोलांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

यंत्राची रचना अगदीं साधी आहे. नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकीस एक जोडावयाच्या, त्यांच्या दोन टोकांस शुद्ध चांदीच्या दोन तारा लावावयाच्या, आणि त्या ऊर्ध्वपातित पाण्याच्या पेल्यांत सोडावयाच्या. धनाग्रावरील चांदी विद्युत्भारित होऊन पाण्यांत उतरते. ऋणाग्रावर हायड्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे दिसतात. महाग यंत्रांत पाणी ढवळण्याची सोय असते, प्रवाह मर्यादेंत ठेवणारी योजना असते, आपोआप बंद करणारें घड्याळ असतें. पण मूळ तत्त्व तेंच. दागिन्यांच्या चांदीची तार घेतल्यास तींतील तांबेंही पाण्यांत उतरतें. नळाचें पाणी घेतलें किंवा चिमूटभर मीठ टाकलें, तर सिल्व्हर क्लोराइडचा दुधी गढूळपणा येतो. पुष्कळजण त्यासच ‘पाणी चांगलें उतरलें’ अशी खूण समजतात!

आतां खरा प्रश्न. या पेल्यांत चांदी किती? फॅरेडेच्या नियमानें हिशेब करतां येतो. एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर चालला, तर सुमारें चार मिलिग्रॅम चांदी सुटते. पाणी पाव लिटर असेल तर प्रमाण लिटरमागें सोळा मिलिग्रॅम झालें. पण हा झाला कागदावरील हिशेब. चांदी उतरूं लागली म्हणजे पाणी अधिक वीजवाहक होतें व प्रवाह आपोआप वाढत जातो. उलट कांहीं चांदी दुसऱ्या तारेवर काळी साय धरून बसते. त्यामुळें आजचा पेला कालच्यासारखा असेल याची शाश्वती नाहीं. सोबत दिलें जाणारें मापकयंत्र केवळ पाण्याची वीजवाहकता पाहून आंकडा दाखवितें. चांदीचे कण त्यास मोजतां येत नाहींत. अंधारांत विजेरीचा झोत सोडला कीं पाण्यांत प्रकाशाची रेघ दिसते, ती कण आहेत एवढेंच सांगते. किती आहेत तें नव्हे. अचूक मोजमाप प्रयोगशाळेवांचून होत नाहीं.

आणि मोजमापाची तर येथें फार गरज आहे. अमेरिकेच्या पर्यावरण-संरक्षण संस्थेनें धरलेली मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागें रोज पांच मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या मनुष्यास ०.३ मिलिग्रॅम, इतकी आहे. वरील हिशेबाचें पाणी दोन मोठे चमचे घेतलें कीं ही मर्यादा ओलांडली. दहा किलो वजनाच्या मुलाची मर्यादा तर चहाच्या एका चमच्यापूर्वींच संपते.

मर्यादा ओलांडून वर्षानुवर्षें चांदी पोटांत गेली म्हणजे ती त्वचेंत सांचते, आणि फोटोच्या कांचेवर होतें तेंच ऊन लागून येथेंही होतें: कातडी निळसर राखी पडते. या विकारास आर्जिरिया म्हणतात. औषध बंद केल्यानें तो रंग जात नाहीं. अमेरिकेंतील मोंटाना राज्यांतून २००२ सालीं सेनेटच्या निवडणुकीस उभे राहिलेले स्टॅन जोन्स यांचा चेहरा असाच झाला होता. २००० सालच्या आरंभीं संगणक बंद पडतील व जंतुनाशक औषधें मिळेनाशीं होतील, या भीतीनें त्यांनीं १९९९ पासून घरीं केलेलें चांदीचें पाणी घेण्यास आरंभ केला होता. संगणक चालूच राहिले. रंग मात्र कायमचा झाला.

मग चांदीचा जंतुनाशक गुण खोटा काय? मुळींच नाहीं. जर्मनींतील लाइप्झिग येथील प्रसूतितज्ज्ञ क्रेडे यांनीं नवजात मुलांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालण्याची पद्धत १८८१ सालीं प्रसिद्ध केली, आणि तिनें असंख्य बालकांची दृष्टि वांचविली. भाजलेल्या जखमेवरील सिल्व्हर सल्फाडायाझिन हें मलम १९६८ पासून डॉक्टरांच्या हातीं आहे. पण हा सर्व उपयोग बाहेरून, मोजून, तज्ज्ञाच्या देखरेखीखालीं झाला. पेल्यांत जंतु मरतात म्हणून पोटांत गेल्यावरही मरतील, हें अनुमान टिकत नाहीं. जठरांतील क्लोराइड आणि प्रथिनें या चांदीस वाटेंतच अडवितात. अमेरिकेच्या अन्न व औषधि प्रशासनानें १९९९ सालीं नियम करून, रौप्यकलिल असलेलें, डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकलें जाणारें कोणतेंही औषध सुरक्षित व गुणकारी म्हणून मान्य नसल्याचें ठरविलें. २०२० सालीं कोरोनाच्या सांथींत हेंच पाणी उपाय म्हणून खपूं लागलें, तेव्हां त्या विक्रेत्यांस पुन्हां लेखी ताकीद द्यावी लागली.

निळ्या रंगाहूनही आम्हांस दुसरी काळजी अधिक वाटते. एकत्र कुटुंबांत एकाचें औषध सर्वांचें होतें. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या सासूबाई, जंतुनाशक औषध चालू असलेला नातू, पायाच्या जखमेकडे दुर्लक्ष करणारे मधुमेही आजोबा, सर्वांच्या हातीं तोच पेला येतो. थायरॉइडच्या व कांहीं जंतुनाशक औषधांचें शोषण या चांदीनें कमी होऊं शकतें. आणि जखम? चार दिवस पाण्यावर गेले तर मधुमेह्याचा पाय वांचविण्याची वेळ निघून जाते. वडीलधाऱ्यांशीं या बाबतींत वाद घालूं नये. त्यांस सरळ डॉक्टरकडे न्यावें. चांदीच्या वाटीविषयीं मात्र कोणीं शंका घेऊं नये. धातूच्या रूपांतील चांदी पाण्यांत फारशी उतरतच नाहीं, तेव्हां उष्टावणाची वाटी खुशाल तशीच ठेवावी.

सारांश, कोणतें यंत्र घ्यावें या प्रश्नास आमचें उत्तर एकच: कोणतेंही घेऊं नये. ज्यांनीं आधींच घेतलें असेल त्यांनीं शाळकरी मुलांस फॅरेडेचा नियम व प्रकाशाची रेघ एकदां दाखवावी, पेला मुलांच्या हातीं न देतां रिकामा करावा, आणि तारा सोनाराकडे न्याव्यात. शुद्ध चांदीचे दाम तो वजनावर देतो.