मधला बॉक्स

लातूरला मामांचा हॉल अठरा फूट लांब आणि जेमतेम नऊ फूट रुंद आहे. खाली शहाबादी फरशी, एका लांब भिंतीच्या दोन कोपऱ्यांत एकेक स्पीकर, समोरच्या भिंतीलगत सतरंजी. गाणी लागली की आठ-दहा जण भिंतीला टेकून बसतात. डाव्या टोकाच्या मामींना गायिका डाव्या कोपऱ्यात ऐकू येते, नांदेडहून आलेल्या मला उजव्या. मधोमध लोडाला टेकलेल्या मामांना मात्र ती समोरच्या कोऱ्या भिंतीतून गाताना ऐकू येते. “काय बिघडलंय? मला तर बरोबर मधूनच यायलंय,” असं म्हणून ते जागा काही सोडत नाहीत.

बिघडलेलं खरंच काही नाही. दोन्ही स्पीकरमधून एकच आवाज सारख्या जोराने, एकाच क्षणी कानावर आला की मेंदू तो मध्ये आहे असं धरून चालतो. स्टुडिओत गायकाला मध्ये ‘बसवतात’ ते याच भरवशावर. पण आवाज एका मिलिसेकंदात साधारण एक फूट जातो. तुम्ही दोन-तीन फूट बाजूला सरकलात की जवळचा स्पीकर काही मिलिसेकंद आधी पोचतो, आणि जो आधी पोचला तिथेच गायक, असा कानाचा निवाडा.

कीर्तनात असं होत नाही. बुवा मध्ये, मागे टाळकरी. कुठूनही ऐका, बुवा आपल्या जागेवरच. (मंडपाच्या खांबांना कर्णे बांधले की तेही संपतं, तो भाग वेगळा.) मधला स्पीकर म्हणजे हेच: आभासाच्या जागी खरोखर काहीतरी उभं करणं.

ही कल्पना स्टिरिओइतकीच जुनी आहे. 27 एप्रिल 1933 रोजी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तो तीन माइक आणि तीन स्पीकर वापरून. घरात मात्र दोनच आले. 1958च्या सुमारास बाजारात आलेल्या स्टिरिओ तबकडीच्या खाचेला भिंती दोन, त्यामुळे वाहिन्याही दोन. पॉल क्लिप्श हे अमेरिकन स्पीकर-कारागीर आपले मोठे बॉक्स कोपऱ्यांत ठेवत आणि दोघांमध्ये पडणारं भोक बुजवायला डाव्या-उजव्याची बेरीज करून मध्ये तिसरा लावत. मामांचा हॉल त्यांनी लगेच ओळखला असता. सिनेमानेही मधला कधी सोडला नाही. पडद्याला बारीक भोकं असतात ती मागच्या स्पीकरमधले संवाद बाहेर यावेत म्हणून.

घरी हे करताना खरी मारामार वायरिंगची. ॲम्प्लिफायरच्या स्पीकरकडे जाणाऱ्या दोन तारा एकत्र पिळल्या तर ॲम्प जळू शकतो. दोन प्लसच्या मध्ये तिसरा स्पीकर जोडण्याची एक युक्तीही सांगितली जाते. तिने बेरीज नव्हे, वजाबाकी होते: दोन्हीकडे सारखं असलेलं तेवढं गळतं. म्हणजे ज्या गायिकेसाठी खटाटोप, तीच गायब. शिवाय काही ॲम्पना अशी जोडणी सोसत नाही. सरळ मार्ग असा: प्री-आउटमधून डावी-उजवी वाहिनी घ्यायची, प्रत्येकीत एक रेझिस्टर घालून मग जोडायची आणि वेगळ्या मोनो ॲम्पला द्यायची. रेझिस्टर गाळले तर दोन वाहिन्या मागच्या मागे एकमेकींत मिसळतात आणि बाजूचे स्पीकरही मोनो होऊन बसतात. ज्यांच्याकडे होम थिएटरचा रिसीव्हर आहे त्यांना यातलं काही नको. डॉल्बीचं 1987 सालचं प्रो लॉजिक आणि त्याचे वंशज दोन वाहिन्यांत सारखं काय ते शोधून मध्ये पाठवतात आणि बाजूंतून तेवढं कमी करतात.

साध्या बेरजेत ते ‘कमी करणं’ नसतं. म्हणून मधल्याचा आवाज चढवला की डावं-उजवं मध्ये ओढलं जातं, तबला आणि सतार एकमेकांच्या मांडीवर येऊन बसतात. मधला आहे हे कळू नये इतकाच ठेवावा. बंद केल्यावर मात्र त्याची उणीव जाणवली पाहिजे. आणि माझं स्पष्ट मत: एकटे ऐकणार असाल तर पैसे घालवू नका. बॉक्स कोपऱ्यांतून काढून सहा-सात फुटांवर आणा, तेवढंच अंतर राखून समोर बसा. तिसरा हवा तो घर भरून ऐकणाऱ्यांना.

मामांकडे आम्ही तो बसवला. दिवाळीत पहिली तक्रार मामांचीच, की गाणं होतं तिथेच आहे, मग खर्च कशाचा? मामी काही बोलल्या नाहीत. मामांच्या साठ्यातली निम्मी गाणी 1950 नि 60च्या दशकांतली, मूळची मोनो. दोन्ही स्पीकरमधून तेच ते येणार. ती लागली की मामी आता उठतात, मोठ्या ॲम्पचं स्पीकरचं बटण बंद करतात आणि एकटा मधला चालू ठेवून आपल्या डाव्या टोकाला जाऊन बसतात.