हळद्याची वीण व घरट्याचे निरीक्षण

हळद्या हा पिवळ्याधमक रंगाचा, झाडांच्या शेंड्यांवर वावरणारा मध्यम आकाराचा पक्षी आहे. पश्चिम विदर्भात, म्हणजे वऱ्हाडातील अमरावती व अकोला जिल्ह्यांत, शेताच्या धुऱ्यांवरील झाडे, आमराया, जुन्या वसाहती आणि पानझडी जंगलांच्या कडा येथे तो आढळतो. त्याची वीण ऐन उन्हाळ्यात सुरू होते. त्यामुळे घरट्याजवळ माणसाने केलेला अडथळा या प्रदेशात अंड्यांना व पिल्लांना विशेष घातक ठरू शकतो. प्रस्तुत लेखात हळद्याची वीण, घरट्याचे निरीक्षण व छायाचित्रण यांची माहिती दिली आहे.

नाव व वर्गीकरण

हळदीसारख्या रंगावरून या पक्ष्याला मराठीत हळद्या हे नाव पडले. त्याचे शास्त्रीय नाव ओरिओलस कुंडू असे आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील अधिकारी विल्यम हेन्री साइक्स यांनी दख्खनमधील पक्ष्यांचा अभ्यास करून १८३२ मध्ये या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे दीर्घकाळ त्याला युरोपातील सोनेरी हळद्याची उपजाती मानले जात असे. पामेला रासमुसेन व जॉन अँडरटन यांच्या 'बर्ड्स ऑफ साउथ एशिया' (२००५) या ग्रंथात त्याला स्वतंत्र जातीचा दर्जा देण्यात आला. डोळ्यातून जाणारी काळी पट्टी डोळ्याच्या मागेही पसरलेली असणे, ही भारतीय हळद्याला युरोपीय हळद्यापासून वेगळे करणारी ठळक खूण होय.

वर्णन

हळद्याची लांबी सुमारे २५ सेंटीमीटर, म्हणजे साधारण साळुंकीएवढी असते. नराचे अंग सोनपिवळे, पंख व शेपटी काळी-पिवळी, चोच गुलाबीसर आणि डोळे लालसर असतात. मादीचा रंग हिरवट पिवळा व फिका असून पोटाकडील भागावर बारीक रेघोट्या असतात. घनदाट पालवीत हा पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. त्याची शीळ बासरीच्या सुरासारखी गोड व गोलाईदार असते. मात्र धोका जाणवल्यास तो कर्कश, घोगरा आवाज काढतो. हा फरक ओळखता येणे निरीक्षकासाठी फार महत्त्वाचे आहे.

मेळघाटासारख्या वनप्रदेशात काळ्या डोक्याचा हळद्याही आढळतो. त्याचे संपूर्ण डोके व गळा काळा असल्याने दोन्ही जाती सहज वेगळ्या ओळखता येतात.

आढळ व आहार

मेळघाट व्याघ्र प्रकल्प, अमरावतीजवळील पोहरा-मालखेडचे राखीव जंगल व वडाळी तलावाचा परिसर, अकोला व वाशीम जिल्ह्यांतील काटेपूर्णा अभयारण्य, तसेच अकोल्यातील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा वृक्षाच्छादित परिसर अशी ठिकाणे पक्षिनिरीक्षकांच्या परिचयाची आहेत. परंतु हळद्या केवळ जंगलाचा पक्षी नाही. कापूस-तुरीच्या शेतांमधील कडुनिंब, आंबा, चिंच व बाभूळ यांसारखी जुनी झाडेही त्याला पुरेशी असतात.

वड, पिंपळ व उंबर यांची फळे, घाणेरीची बोरे, अळ्या व कीटक हा त्याचा आहार आहे. पांगारा व काटेसावर यांच्या फुलांतील मधही तो पितो. फळांतील बिया दूरवर पसरवण्यात त्याचा वाटा असतो. घाणेरीसारख्या उपद्रवी झुडपाचा प्रसारही त्यातूनच होतो. उत्तर भारतातील व त्यापलीकडच्या प्रदेशातील काही हळद्ये हिवाळ्यात दक्षिणेकडे येतात.

घरटे व वीण

विणीचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट असा असतो. घरटे सहसा जमिनीपासून ४ ते १० मीटर उंचीवर, फांदीच्या टोकाकडील दुबेळक्यात असते. ते फांदीवर ठेवलेले नसून दुबेळक्याच्या दोन काड्यांमध्ये झोळीसारखे टांगलेले असते. गवताची पाती व सालीचे तंतू काड्यांभोवती गुंडाळून आणि कोळ्याच्या जाळ्याने बांधून हा खोलगट वाडगा तयार होतो. आत बारीक गवताचे अस्तर असते. वाऱ्याने फांदी हेलकावत असली तरी अंडी खोलगट भागात सुरक्षित राहतात.

मादी सामान्यतः दोन ते तीन अंडी घालते. अंडी पांढरी असून त्यांवर तांबूस, तपकिरी व काळे ठिपके असतात. घरट्याची राखण व पिल्लांचे संगोपन नर-मादी दोघेही करतात.

हळद्याचे घरटे अनेकदा कोतवालाच्या घरट्याजवळ, कधी त्याच झाडावर असते. कोतवाल आपल्या घरट्याच्या आसपास फिरकणाऱ्या कावळ्यावर, टकाचोरावर किंवा शिक्र्यावर निर्भयपणे तुटून पडतो. या राखणीचा लाभ शेजारच्या हळद्यालाही मिळतो. म्हणून निरीक्षकाला कोतवालाचे घरटे दिसल्यास त्याच्या आसपासचे शेंडेही दुरून न्याहाळावेत.

वऱ्हाडचा उन्हाळा आणि घरटे

थंड प्रदेशात पक्षी अंड्यांवर बसतो तो मुख्यतः त्यांना ऊब देण्यासाठी. वऱ्हाडात मे महिन्यातील दुपारी हे काम उलटे होते. बहुतेक पक्ष्यांच्या अंड्यांतील गर्भाच्या वाढीला साधारण ३६ ते ३८ अंश सेल्सिअस तापमान अनुकूल असते आणि ४१ अंशांपलीकडचे तापमान फार वेळ टिकल्यास गर्भ दगावू शकतो. अकोल्यात व अमरावतीत मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत चढणे नवीन नाही. अशा वेळी घरट्यावर बसलेला पक्षी अंड्यांवर सावली धरत असतो. पिसे नसलेल्या नवजात पिल्लांनाही स्वतःचे तापमान राखता येत नाही.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, माणसाच्या उपस्थितीने घाबरून पक्षी दुपारी अर्धा तास जरी घरट्याबाहेर राहिला, तरी वीण वाया जाण्याचा धोका निर्माण होतो. दुसरी, चित्र स्पष्ट यावे म्हणून घरट्यासमोरची पाने तोडणे किंवा फांदी बांधून बाजूला ओढणे म्हणजे घरट्याचे छप्पर काढून घेणे होय. शिवाय उघडे पडलेले घरटे कावळ्यांच्याही नजरेत भरते.

निरीक्षणाची पद्धत

निरीक्षण सकाळी लवकर किंवा सायंकाळी, दुर्बिणीतून व दुसऱ्या झाडाच्या आडोशाने करावे. सुरक्षित अंतर मीटरमध्ये ठरवण्यापेक्षा पक्ष्याच्या वर्तनावरून ठरवणे अधिक योग्य असते. पुढील लक्षणे दिसल्यास निरीक्षकाने तत्काळ मागे सरावे :

• चोचीत भक्ष्य असूनही पक्षी घरट्याकडे न जाता जवळच्या फांदीवर थांबून राहणे
• शीळ थांबून कर्कश आवाज सुरू होणे
• पक्षी वारंवार जागा बदलणे किंवा डोक्यावरून झेप घेणे
• कोतवालांनी कल्लोळ करणे

घरटे बांधण्याचा काळ विशेष नाजूक असतो. त्या टप्प्यात त्रास झाल्यास पक्षी अर्धवट घरटे सोडून देऊ शकतात. त्यामुळे बांधकाम चालू असताना जवळ जाणे पूर्णतः टाळावे. नोंदवहीत दिनांक, वेळ, झाडाची जात, घरट्याची अंदाजे उंची, कोतवालाच्या घरट्यापासूनचे अंतर, तासाभरात भरवण्याच्या फेऱ्या आणि आणलेले भक्ष्य यांची नोंद करावी. अशा नोंदींसाठी झाडावर चढण्याची वा अंडी पाहण्याची गरज नसते. शाळेच्या आवारातील झाडावरही विद्यार्थ्यांना हा अभ्यास करता येतो.

छायाचित्रण

भारतातील पक्षिछायाचित्रणाच्या प्रारंभीच्या काळात घरटे हेच चित्रणाचे मुख्य स्थान होते. त्या काळचे कॅमेरे अवजड व भिंगे तोकडी असल्याने, पक्षी जेथे हमखास परत येतो तेथेच लपण उभारून वाट पाहावी लागे. ई. एच. एन. लोथर यांचा 'अ बर्ड फोटोग्राफर इन इंडिया' (१९४९) हा ग्रंथ त्या काळातील छायाचित्रणाचा प्रसिद्ध दाखला आहे. आता ४०० ते ६०० मिलिमीटर केंद्रांतराची भिंगे उपलब्ध असल्याने ती निकड उरलेली नाही. घरट्यांची छायाचित्रे न स्वीकारण्याचे धोरण अनेक छायाचित्र-स्पर्धांनी अवलंबले आहे.

हळद्याचे उत्तम चित्र घरट्यापासून दूर, फळांनी लगडलेल्या उंबरावर किंवा फुललेल्या पांगाऱ्यावर मिळू शकते. नराचा पिवळा रंग प्रखर उन्हात पांढुरका पडून पिसांचे बारकावे नाहीसे होतात. म्हणून प्रकाशमान किंचित कमी ठेवावे व सकाळचा तिरपा प्रकाश निवडावा. फ्लॅशचा वापर, ध्वनिमुद्रित शीळ वाजवून पक्ष्याला बोलावणे आणि ड्रोन उडवणे टाळावे. विणीच्या काळात ध्वनिमुद्रित शीळ ऐकून नर प्रतिस्पर्ध्याच्या शोधात निघतो व राखणीचे काम मागे पडते. घरट्याचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर प्रसिद्ध करू नये. एका निरीक्षकाने पाळलेली शिस्त नंतर येणाऱ्या गर्दीमुळे व्यर्थ ठरते.

कायदेशीर संरक्षण

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील 'शिकार' या संज्ञेच्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची हानी करणे, तसेच अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणे या कृतींचाही समावेश आहे. अभयारण्ये व व्याघ्र प्रकल्पांत प्रवेशासाठी आणि छायाचित्रणासाठी वन विभागाचे नियम पाळणे बंधनकारक असते.

संवर्धन

हळद्याला घरट्यासाठी उंच, पसरलेल्या फांद्यांची आणि दाट पालवीची झाडे लागतात. रस्ता रुंदीकरण, धुऱ्यावरील झाडांची तोड व वसाहतींतील जुन्या वृक्षांची छाटणी यांमुळे अशा जागा कमी होतात. रोपाला घरटे पेलण्याजोगा विस्तार येण्यास अनेक वर्षे लागत असल्याने नव्या लागवडीने ही हानी लगेच भरून निघत नाही. झाडांची छाटणी एप्रिल ते ऑगस्ट या काळात टाळणे आणि अपरिहार्य असल्यास आधी शेंडे तपासून घेणे, हा नगरपालिका, शाळा व शेतकरी यांना सहज अमलात आणता येण्यासारखा उपाय आहे.