कुरियरचा सर्व्हर झोपला, तर तुमचं दुकान का बंद पडतं?

मंडळी, व्हिडिओत सर्किट ब्रेकरचा विषय घाईत उरकला. इथे जरा सविस्तर बघू.

तुमची वेबसाइट प्रत्येक ऑर्डरला कुरियर कंपनीच्या सर्व्हरला डिलिव्हरीचा दर विचारते. तो सर्व्हर सरळ बंद पडला तर लगेच एरर येते, फार बिघडत नाही. खरा घात होतो तो हळू चालला की. समजा तुमच्याकडे 200 थ्रेड आहेत, सेकंदाला 10 ऑर्डरी येतायत आणि टाइमआउट 30 सेकंदांचा आहे. विसाव्या सेकंदाला सगळे थ्रेड वाट बघत अडकलेले! मग ज्याला फक्त फोटो बघायचेत, त्यालाही साइट उघडत नाही.

इथे घरच्या एमसीबीसारखी सोय लागते. मायकेल नायगार्ड यांच्या 2007 च्या 'रिलीज इट!' या पुस्तकामुळे ही कल्पना सॉफ्टवेअरमध्ये रुळली. ब्रेकर 'क्लोज्ड' म्हणजे काम चालू, 'ओपन' म्हणजे तोडलेलं (नावं उलटी वाटतात, पण विजेच्या भाषेत बरोबर आहेत). थोड्या वेळाने तो 'हाफ-ओपन' होऊन एखादी विनंती सोडून बघतो. जमलं तर चालू, नाही तर परत बंद.

आता आकडे. नेटफ्लिक्सच्या हिस्ट्रिक्समध्ये मूळ सेटिंग असं होतं: 10 सेकंदांत किमान 20 विनंत्या आणि त्यातल्या निम्म्या फसल्या तर ब्रेकर पडणार, 5 सेकंदांनी पुन्हा चाचपणी. ते 'किमान 20' महत्त्वाचं. नाही तर रात्री दोनपैकी एक ऑर्डर फसली की झाले 50 टक्के! आणि गिऱ्हाइकाने पिनकोड चुकीचा टाकला, तर ते अपयश मोजायचं नाही. तो दोष कुरियरचा नाही.

ब्रेकर पडल्यावर काय दाखवायचं, हे मात्र डेव्हलपरवर सोडू नका, तो धंद्याचा निर्णय आहे. कुरियरला ठरलेला सरसकट दर चालेल. पेमेंटला असा जुगाड चालणार नाही. टाइमआउट झाला तरी पैसे कापले गेलेले असू शकतात, म्हणून आधी स्टेटस तपासायचं, मगच पुन्हा पैसे मागायचे.

चाचणी करताना बरेच जण नुसता समोरचा सर्व्हर बंद करून बघतात. ते पुरेसं नाही. शॉपिफायचं टॉक्सीप्रॉक्सी फुकट मिळतं, ते मध्ये बसवून उत्तर मुद्दाम 20 सेकंद उशिरा आणा. ब्रेकर पडतो का, फोटोंचं पान उघडतं का, सरसकट दर दिसतो का, ते बघा. मग उशीर काढून टाका आणि तो आपोआप परत चालू होतो का, तेही बघा. दिवाळीच्या गर्दीच्या महिनाभर आधी, टेस्ट सर्व्हरवर.