जिन्यावर ऐकू येणारा भूप

दहिसर पूर्वेला संध्याकाळी पाचच्या सुमारास एखाद्या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर दाराबाहेर दहा-पंधरा लहान चपला पडलेल्या दिसल्या, की आत क्लास चालू आहे असं समजावं. पाटी असलीच तर हातभर, तीही मीटरच्या पेटीवर चिकटवलेली. आत सोफा भिंतीला सरकवलेला, टीपॉय स्वयंपाकघरात गेलेलं, जमिनीवर सतरंजी. मधे पेटी, पेटीशेजारी मोबाइल, आणि मोबाइलमधून चाललेला तानपुरा. बाई पेटीवर बोट ठेवतात, पोरं ‘सा’ लावतात. एकीचा लागतो, दुसरीचा थोडा खाली राहतो. बाई काही बोलत नाहीत, तेच बोट दाबून धरतात. दुसरीचा सूर हळूहळू वर सरकतो आणि पहिलीच्या सुरात मिळून जातो. पुढचा पाऊणएक तास खोलीत हेच चालतं, आणि मला या उपनगरात याहून मोलाचं फार थोडं घडताना दिसतं.

दहिसर म्हणजे पश्चिम रेल्वेवर मुंबईचं शेवटचं स्टेशन. पुढे मीरा रोड, ठाणे जिल्हा. कलेच्या मोठ्या संस्था इथून लांब. जे. जे. कला महाविद्यालय 1857 पासून फोर्टाजवळ, प्रा. बी. आर. देवधरांची 1925 साली सुरू झालेली संगीतशाळा ऑपेरा हाउसला, मुलांसाठीचं जवाहर बालभवन चर्नी रोडला. नाटक बघायचं तर बोरिवलीचं प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह. आई-बाप दोघंही नोकरीवर, घरी यायला आठ वाजतात. अशा घरातल्या सात वर्षांच्या मुलीला आठवड्यातून दोनदा चर्नी रोडला कोण नेणार? म्हणून दहिसरमध्ये संस्था म्हणजे ही बैठकीची खोली. आणि या खोलीला बाहेरच्या जगाशी जोडणारी एक दोरी आहे. तिला सगळे ‘गांधर्वची परीक्षा’ म्हणतात.

त्या दोरीचं दुसरं टोक कुरुंदवाडला आहे. विष्णु दिगंबर पलुसकर तिथे 1872 साली जन्मले. लहानपणी फटाक्याने डोळे गेले, शिक्षण थांबलं, आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं सुरू झालं. त्या काळी गाणं शिकायचं म्हणजे गुरूच्या घरी पडेल ते काम करत वर्षानुवर्षं राहायचं, आणि गुरूच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढं घ्यायचं. पलुसकर त्याच रीतीने शिकले, पण शिकवताना त्यांनी ती मोडली. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. तिथे वर्ग होते, वेळापत्रक होतं, छापलेली पुस्तकं होती, परीक्षा होत्या. संस्थानिकाच्या मर्जीवर शाळा चालवायची नाही, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशाच्या तिकिटांवर चालवायची, हा त्यांचा हट्ट. 1908 मध्ये मुंबईची शाखा निघाली. पुढे तिची इमारत कर्जापायी हातची गेली. 1931 च्या ऑगस्टमध्ये पलुसकर गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी मंडळ उभारलं, तेच आजचं अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ. त्याचं नाव आज मिरजेशी जोडलेलं आहे, म्हणजे जिथे पलुसकर शिकले तिथेच ते परत आलं. इमारत गेली, अभ्यासक्रम राहिला. माझ्या मते पलुसकरांची खरी वास्तू तीच, कारण ती दहिसरच्या तळमजल्यावरही मावते.

प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, मग विशारदची दोन वर्षं. सरळ चाललं तर सात वर्षांत विशारद, त्यापुढे अलंकार. वर्षातून दोन सत्रं, उन्हाळ्यात आणि दिवाळीनंतर. दहिसरमधल्या आयांच्या बोलण्यात ही नावं इयत्तांसारखी येतात: ‘आमची मध्यमाला आहे,’ ‘धाकट्याची प्रारंभिक झाली.’ घराण्यातल्या कोणाशी ओळख नाही, घरात कोणी गाणारं नाही, अशा कारकुनाच्या, रिक्षावाल्याच्या, नर्सबाईच्या मुलीला गाण्यात शिरायला एक दार मिळालं आणि त्या दाराला पायऱ्या मिळाल्या. पूर्वी हे दार नातं किंवा नशीब असेल तरच उघडायचं.

पायऱ्या कशा बांधल्यात हे जवळून बघण्यासारखं आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत येणाऱ्या रागांत भूप आणि दुर्गा असतात. दोन्हींत पाचच सूर. भूपात सा, रे, ग, प, ध. दुर्गात सा, रे, म, प, ध. फरक एका सुराचा, गंधाराच्या जागी मध्यम. सात वर्षांच्या मुलाला ‘राग म्हणजे काय’ हे व्याख्येने समजत नाही. पण बाई आधी ‘सा रे ग’ म्हणतात, मग ‘सा रे म’, आणि पोरांच्या चेहऱ्यावर दिसतं की काहीतरी बदललं. एक सूर हलला आणि खोलीतलं हवामान पालटलं. काही वर्षांनी तीच पोरं मध्यमाच्या आसपास आली, की त्यांच्यापुढे देशकार येतो, आणि आता खरी गंमत: देशकारात भूपाचेच पाच सूर. एकही वेगळा नाही. फरक वजनाचा. भूप गंधारावर रेलतो, देशकार धैवतावर. जी मुलगी आधी सूर मोजून राग ओळखत होती, तिला आता कळतं की मोजून भागत नाही, थांबावं कुठे हे ऐकावं लागतं. शाळेच्या कुठल्याही विषयात इतक्या हळुवार हाताने मुलाला मोजण्याकडून ऐकण्याकडे नेलेलं मी पाहिलेलं नाही.

वहीतही अशीच शिस्त. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर. ही भातखंड्यांची लिपी. विष्णु नारायण भातखंडे वाळकेश्वरचे, पेशाने वकील. पलुसकरांची स्वतःची स्वरलिपी वेगळी आणि अधिक किचकट होती. क्लासांत भातखंड्यांचीच रुळली. दोघा विष्णूंचं आपसात फारसं जमलं नाही, पण पोराच्या दोनशे पानी वहीत एकाची लिपी आणि दुसऱ्याची परीक्षा एकत्र नांदतात.

पेटीबद्दल थोडं बोललं पाहिजे. तिच्या पट्ट्या ठरलेल्या, त्यामुळे दोन पट्ट्यांमधल्या श्रुती ती देत नाही, मींड देत नाही. याच तक्रारीवरून आकाशवाणीने 1940 मध्ये तिला दाराबाहेर काढलं होतं आणि पुढची तीसएक वर्षं ती बाहेरच होती. तक्रार खरी आहे. ज्या मुलांच्या कानाखाली सतत पेटी असते, त्यांचा सूर पट्टीवर जाऊन बसतो, आसपास फिरत नाही. पण मिरजेच्या कारागिरांनी केलेला पुरुषभर उंचीचा तानपुरा वन-रूम-किचनमध्ये ठेवायचा कुठे? म्हणून जाणत्या शिक्षिका एक करतात: शिकवताना पेटी, म्हणून घेताना फक्त तानपुरा. पेटीचा भाता बंद झाला की पोरं क्षणभर घाबरतात. आधार काढून घेतलेला असतो. त्या क्षणी खोलीत जे ऐकू येतं ते त्या मुलांचं स्वतःचं.

मुलग्यांची गोष्ट वेगळी आणि जरा दुःखाची. सगळी बॅच काळी चारमध्ये गाते. आठवी-नववीत मुलाचा आवाज फुटतो, पट्टी उतरते, आणि एरवी पुढे बसणारा मुलगा शरमेने मागे सरकतो. त्याच वर्षी दहावीच्या क्लासचा बॅचटाइम येऊन आदळतो. गाणं सुटतं. ज्या बाई त्याला म्हणतात, ‘सहा महिने गाऊ नकोस, ये आणि हातावर ताल धर,’ त्या त्याला वाचवतात. मी अशा बाई पाहिल्या आहेत, आणि असे मुलगे पाहिलेत जे त्या सहा महिन्यांत तबल्याकडे वळले आणि तिथेच रमले. तबल्याच्या क्लासची अडचण निराळी. खिडक्या लावून घ्याव्या लागतात. मे महिन्यात बंद खोलीत आठ डग्गे वाजत असतात आणि सोसायटीच्या सभेत दरवर्षी हा विषय निघतो.

परीक्षेच्या दिवशी केंद्रावरच्या बाकांवर परकर-पोलकी, झब्बे, आणि शेवटच्या क्षणी वही चाळणारे डोळे. सुरुवातीच्या परीक्षा तोंडी, पुढे लेखीही. परीक्षक विचारतात: अमक्या रागाची बंदिश म्हण, त्रिताल हातावर दे, आता दुगुन. सोळा मात्रा, नवव्या मात्रेला खाली, हात उलटायचा. जो मुलगा घरी धडाधड देतो तो इथे सातव्या मात्रेलाच हात उलटतो. चांगले परीक्षक तेव्हा हसत नाहीत, स्वतः ठेका धरतात आणि मुलगा परत समेवर येईपर्यंत थांबतात.

चित्रकलेची दोरी निराळी आहे, तिचं टोक सरकारी. राज्याच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा शाळेमार्फत द्यायच्या, पण तयारी बहुतेक वेळा बाहेरच्या क्लासात होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. वस्तुचित्रात तांब्या, ठोकळा, घडी पडलेलं कापड. इथे मुलाला पहिल्यांदा कळतं की तांब्याचं तोंड त्याला गोल ‘माहीत’ असलं तरी समोर बसल्यावर ते लंबगोल ‘दिसतं’, आणि काढायचं ते दिसतं तसं. हे शिक्षण उत्तम.

स्मरणचित्रात मात्र माझा जीव कळवळतो. विषय भाजी मार्केट असो की पावसातला दिवस, क्लासात पाठ करून घेतलेल्या आकृत्या येतात: छत्रीवाला माणूस, टोपलीवाली बाई, पाठमोरा पोलीस. दहा मुलांच्या दहा कागदांवर एकच बाई एकाच बाजूला वळलेली. नदी म्हटली की दोन डोंगरांतून निघालेली, निळी, काठाला नारळ. आणि हे कुठे? दहिसरमध्ये, जिथे खरी नदी आहे! राष्ट्रीय उद्यानात तुळशी तलावाच्या बाजूला ती उगम पावते, जंगलातून स्वच्छ येते, वस्तीत शिरल्यावर दोन भिंतींत अडकते, काळी होते आणि मनोरीच्या खाडीला मिळते. पोरं तिच्या पुलावरून रोज शाळेत जातात आणि कागदावर दुसऱ्याच कुठल्या तरी नदीला निळा रंग देतात. एका रविवारी एक सर बॅचला त्या पुलावर घेऊन गेले आणि म्हणाले, बघा फक्त, काढू नका. घरी जाऊन काढा. दुसऱ्या दिवशी आलेल्या चित्रांत काळं पाणी होतं, भिंती होत्या, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या होत्या, एका चित्रात पाण्यात उभा पांढरा बगळा होता. मी ते कागद हातात घेऊन बराच वेळ उभी होते.

या सगळ्याला दहावीच्या वाढीव गुणांचीही एक कडा आहे. शास्त्रीय गायन-वादन-नृत्य आणि चित्रकलेच्या परीक्षांना शालान्त निकालात सवलतीचे गुण मिळू लागले, तेव्हापासून काही पालक गाण्याकडे गुणांच्या हिशेबाने बघतात. तीन महिन्यांत एका परीक्षेचे राग ‘करून द्या’ म्हणतात. असे करून देणारेही आहेत. मला ते पटत नाही, कारण तीन महिन्यांत बंदिश पाठ होते, कान तयार होत नाही. पण गुणांसाठी आलेली काही मुलं गुण मिळाल्यावरही येत राहतात, हेही मी बघते आहे. दार कशासाठी उघडलं यापेक्षा आत आल्यावर समोर कोण बसलंय यावर ते ठरतं.

तानसेन नाही तरी कानसेन घडवावेत, हा विचार पलुसकरांच्या नावाने सांगितला जातो. या क्लासांचा हिशेब त्याच मापाने करावा असं मला वाटतं. दहिसरच्या खोल्यांतून किती कलावंत निघाले हे मोजायला गेलं तर हाती थोडं लागेल. बहुतेक मुली मध्यमापर्यंत पोचतात आणि कॉलेज, नोकरी, लग्न यांत वही माळ्यावर जाते. पण मध्यमापर्यंत पोचलेला कान माळ्यावर जात नाही.

परवा सात वाजता मी अशाच एका इमारतीत गेले होते. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर एक बाप बसला होता, युनिफॉर्मच्या शर्टावर कंपनीचं नाव, मांडीवर मुलीचं दप्तर आणि रिकामा डबा. सोमवार-गुरुवार तो इथेच बसतो, पाऊण तास. आत बंद दाराआड पोरांनी आलाप सुरू केला. त्याने मोबाइल खाली ठेवला, मान जराशी कलती केली आणि मला म्हणाला, ‘मागच्या आठवड्यात दुर्गा होता. आज ग लागतोय, म्हणजे भूप घेतला वाटतं.’ कुठे शिकलात, मी विचारलं. ‘मी कुठे शिकतोय ताई,’ तो म्हणाला, आणि बोटांनी दप्तरावर ठेका धरत पुन्हा दाराकडे कान लावून बसला.